घरटी एक माणूस

फकीरभाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांच्या मोजण्यामुळे. शहाण्णव साली मी या गावच्या शाळेत बदलून आलो. बीबी आणि सुलतानपूरच्या मधलं हे गाव. गावाबाहेर, रस्त्याला लागून, शेतकऱ्यांची सहकारी डाळ मिल होती. वर्षाची तुरीची डाळ घ्यायला मी पिशवी घेऊन तिथं गेलो, तर काट्याशी तिशीतला एक सडपातळ माणूस उभा होता. अंगावर डाळीच्या भुकटीनं पिवळा पडलेला सदरा. तो एकेक पोतं काट्यावर घेत होता आणि म्हणत होता, "लाभ... दोन... तीन... चार..."

मी पडलो गणिताचा शिक्षक. न राहवून विचारलं, "अहो, यातला एक कुठं गेला?"

"पहिल्या मापाले एक म्हणत नाहीत गुरुजी, लाभ म्हणतात," ते काट्यावरची नजर न काढता म्हणाले. "आमचे अब्बा बरकत म्हणायचे. माप तेवढंच भरते."

नाव फकीर मोहम्मद. मिलचे मापारी. पोतं काट्यावर ठेवलं की ते दोन्ही हात वर करायचे आणि भोवतीच्या सगळ्यांना हात काढायला लावायचे. पोत्याच्या मालकालाही. "काटा थांबू द्या," एवढंच म्हणायचे. काटा पूर्ण स्थिर होईपर्यंत कोणी बोलायचं नाही असा तिथला अलिखित नियम झाला होता. अध्यक्ष नारायणराव बोलत असले, तरी मधेच गप्प व्हायचे. हिवरा आश्रमाकडची माणसंही तूर इकडे आणायची ती या काट्यासाठी. बाहेर व्यापारी ओलावा म्हणून, माती म्हणून प्रत्येक पोत्यामागे वजन कापायचा. इथं कापत नसत.

पुढं मिलची मोटर जळाली. ती भरून घ्यायची की नवी आणायची, यावर संचालकांच्या दोन बैठका झाल्या आणि तिसरी झालीच नाही. लोकांनी तूर वावरातूनच विकायला सुरुवात केली. व्यापाऱ्याची गाडी बांधावर यायला लागली, मग मिलपर्यंत पोती कोण आणणार? नारायणराव मुलाकडे शहरात राहायला गेले. फकीरभाई मात्र रोज सकाळी मिलचं दार उघडायचे, झाडायचे, काट्यावरची धूळ पुसायचे आणि दुपारी कुलूप लावून मजुरीला जायचे. तीन वर्षं त्यांनी हे केलं.

मागच्या वर्षी जानेवारीत मिलच्या दाराला नोटीस लागली. संस्था बंद पडलेली दिसते, सबब ती मोडीत का काढू नये, महिन्याभरात कळवावं. फकीरभाई ती सोलून माझ्याकडे घेऊन आले. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण गावातले सरकारी कागद अजूनही माझ्याच ओट्यावर वाचले जातात. आम्ही दोघं तालुक्याच्या कार्यालयात गेलो. साहेब तरुण होते, नीट बोलले. म्हणाले, "दोनशे बारा सभासद आहेत. सभा घ्या. निम्म्याहून जास्त, म्हणजे एकशे सात सभासद हजर राहिले, संस्था चालू ठेवायचा ठराव केला, सह्या केल्या, तर मी तसा अहवाल पाठवतो. मुदत तेवढी पाळा."

परत येताना एसटीत फकीरभाई म्हणाले, "एकशे सात. होतीन."

यातली एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. फकीरभाई स्वतः सभासद नव्हते. सभासद व्हायला नावावर शेती लागते आणि त्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. ज्या सभेसाठी ते घरोघर फिरणार होते, तिच्यात त्यांना हात वर करता येणार नव्हता.

नारायणरावांनी फोनवरच सांगितलं, "तुम्हीच पाहा. सहीपुरती माझी गरज पडली की येतो." मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सूचना चिकटवली. फकीरभाई ती वाचून म्हणाले, "गुरुजी, भिंतीवरच्या कागदानं माणूस उठत नाही. आवतण द्या लागते."

आणि ते निघाले. सकाळी सहाला, माणसं घरी सापडतात तेव्हा. पहिल्या दिवशी मीही सोबत गेलो. शेषराव हा गावातला मोठा शेतकरी, जिभेचा तिखट. ओसरीवर चहा पीत बसला होता.

"या फकीरभाई! सभा घेऊन राह्यले म्हणे. तुमच्या नावावर वावर नाही, तुम्ही सभासद नाही. नवरदेव शहरात झोपला अन् वाजंत्रीवाला आवतण वाटून राह्यला!"

"वाजंत्रीवालाच सगळ्यात आधी येते शेषरावभाऊ, अन् जेवते सगळ्यात शेवटी," फकीरभाई म्हणाले. "तुम्ही फक्त या."

"काऊन येऊ बे? मोटर जळाली तवा कोण आलं होतं?"

"तुम्ही नव्हते आले."

शेषराव हसायला लागला. कप खाली ठेवला. "मायला, खरं बोलून राह्यला हा. जाय, येतो."

"मागच्या साली बांधावर तूर देली तुम्ही. पोत्यामागं किती कापलं त्यानं?"

"ते नको विचारू."

"नाही विचारत. सभेच्या दिवशी दहा वाजता. सगळ्यायले जमत नसन, तर घरटी एक माणूस आलाच पाहिजे."

हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे आवतण दोनच तऱ्हेचं. चूलबंद म्हटलं की सगळं घर जेवायला, त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. घरटी एक म्हटलं की घरातून कोणीही एक जण. मयतीला, लग्नाच्या बैठकीला, विहिरीतला गाळ काढायला, सगळीकडे घरटी एक माणूस जातो. तो गेला म्हणजे घर गेलं. बाप गेला की मुलगा गेला, कोणी पाहत नाही.

फकीरभाई बावीस दिवस फिरले. शेजारच्या चार गावांतही सभासद होते, तिथंही गेले. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी कुत्री अंगावर आली. एका घरी म्हाताऱ्यानं विचारलं, "मिल चालू झाली तर काटा तूच धरशील ना?" ते म्हणाले, "ठेवलं तर धरीन." संध्याकाळी येऊन ते मला सांगायचे आणि मी वहीत घरांपुढे खूण करायचो. त्यांच्या बायकोनं, सायराभाभींनी, एकदा मला रस्त्यात थांबवून म्हटलं, "गुरुजी, एवढे तर हे पोरीच्या लग्नालेही नाही फिरले. समजावा त्याहिले." मी काय समजावणार?

सभेचा दिवस बीबीचा बाजार टाळून धरला होता, शाळेच्या परीक्षा टाळून धरला होता. पण शनिवारी गावात हार्वेस्टर आला. हरभरा वाळून उभा होता आणि एकदा नंबर हुकला की यंत्र पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. रविवारी सकाळी घरची कर्ती माणसं वावरात होती.

तरीही लोक आले. दहाला पाचसात होते, साडेदहाला मिलचं अंगण भरलं. म्हातारे आले, सुना आल्या, कॉलेजातली मुलं आली. शेषरावकडून त्याची सून राखी आली होती. भिमाबाई आली, तिचा नवरा सभासद होता, वारून अकरा वर्षं झाली. नारायणराव मुलाच्या गाडीतून आले, हार घालून घेतला. दाराशी टेबल टाकून मी बसलो. रजिस्टर माझ्यापुढे होतं. येईल त्याला मी विचारायचो, "कोणत्या घरचे?" आणि सभासदाच्या छापील नावासमोर सही घ्यायचो. भिमाबाईनं नवऱ्याच्या नावापुढे सावकाश आपलं नाव लिहिलं आणि म्हणाली, "गुरुजी, आलं ना बरोबर? रात्रीच्या वर्गात तुम्हीच शिकवेल हाय." मी म्हटलं, "एकदम बरोबर."

एकशे एकतीस सह्या झाल्या. ठराव वाचला, सगळ्यांचे हात वर गेले. फकीरभाई काट्याजवळ भिंतीला टेकून उभे होते. लोक गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी एक पोतं पाहिलं, रिकामं होतं, ते झटकून घडी घातली आणि काट्यावर ठेवलं. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी आम्ही तालुक्याला गेलो. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. साहेब कुठं बैठकीला गेले होते, कारकुनानं कागद ठेवून घेतले. मंगळवारी बोलावणं आलं.

साहेबांनी रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. "गुरुजी, पहिलं नाव शेषराव. सही राखी. कोण?"

"सून."

"हे?"

"मुलगा."

"हे सभासद तर मयत आहेत. पुढं भिमाबाई म्हणून सही आहे. वारस म्हणून नोंद केली होती का?"

"नाही."

ते बोट खाली नेत गेले. कुठं मुलगा, कुठं पुतण्या, कुठं जावई. मी उत्तरं देत गेलो आणि माझा आवाज मलाच बारीक ऐकू यायला लागला. तेहतीस वर्षं मी हजेरी घेतली. मित्राच्या नावावर "हजर" म्हणणाऱ्या मुलाला मी बाकावर उभं केलेलं आहे. आणि त्या रविवारी माझ्यापुढे सून सासऱ्याच्या नावासमोर सही करत होती तेव्हा माझ्या मनात शंका सुद्धा आली नाही. घर आलं होतं ना.

"सभासद स्वतः आलेले अठ्ठेचाळीस," साहेब म्हणाले. "पोटनियमात सभासद लिहिलंय गुरुजी. घर नाही लिहिलं."

फकीरभाई इतका वेळ उभेच होते. म्हणाले, "साहेब, घरटी एक माणूस मीच म्हटलं होतं. लोकायची चूक नाही. आठ दिवस द्या, ज्याचं नाव त्यालेच आणतो. हात धरून आणतो."

"मुदत काल संपली. काल मी इथं भेटलो असतो, तरी एका दिवसात काय केलं असतं तुम्ही?" साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "बंद पडलेल्या संस्थेसाठी एवढी माणसं गोळा झालेली मी पाहिली नाहीत. पण मला अठ्ठेचाळीसच लिहावे लागतील."

त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

एसटीत फकीरभाई खिडकीशी बसले होते. सुलतानपूर गेल्यावर म्हणाले, "गुरुजी, एकशे एकतीस लोक आले होते ना?"

"आले होते."

"तुम्ही मोजले होते ना?"

"मोजले होते."



दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा घरोघर जायला लागले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण आवतण ज्यानं दिलं, त्यानंच काय झालं तेही सांगावं, असं त्यांचं म्हणणं. शेषरावकडे मी सोबत होतो. शेषराव ऐकून चिडला.

"आमची सून आली होती ना? मंग? आमच्या घरचं माणूस नव्हतं का ते?"

"होतं," फकीरभाई म्हणाले.

"मंग सांगायचं होतं ना, मीच पाहिजे म्हणून! यंत्र सोडून आलो असतो."

आला असता का, मला माहीत नाही. कदाचित आला असता. फकीरभाईंनी मान हलवली आणि पुढच्या घराकडे वळले. भिमाबाईनं फक्त एवढंच विचारलं, "माही सही चुकली का हो?"

मे महिन्यात मोडीत काढल्याचा आदेश दाराला लागला. मशिनरी नेण्याआधी काट्याची दांडी काढताना हमालानं ती एका बाजूनं उचलली, तर फकीरभाई नकळत म्हणाले, "थांबू द्या." तो थांबला, त्यांच्याकडे पाहिलं आणि मग उचलून नेली.

ते आता साठीला आले आहेत. बीबीला एका व्यापाऱ्याच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवतात. तिथं वजन विजेच्या काट्यावर दुसरा माणूस करतो. सकाळी साडेसातच्या एसटीनं जातात, दिवेलागणीच्या आधी घरी येतात.