आप्पांना आता आठवत नाही, असं मी सांगितलं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. समीरला नाही — आणि नवऱ्याला न सांगितलेलं असं माझ्याकडे फार थोडं आहे, त्याच्या आईबद्दलची माझी मतंसुद्धा त्याला तोंडपाठ आहेत. भावाला नाही. आई तर त्याआधीच गेली होती. मग तुम्हालाच का सांगते आहे? खरं सांगू, मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल.

माझे वडील मंत्री होते.

बघा, एवढं लिहितानाही मी थांबले. दिल्लीत होते, व्यापार खात्यात. फार काळ नाही, आणि फार बडे मंत्री वगैरेही नाहीत — ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, कोणाच्या तरी फेट्याआड अर्धे झाकलेले. पण होते. आणि इथे अमेरिकेत, पार्सिपनीला आल्यापासून कोणी विचारलं की मी सांगायचे, वडील सरकारी नोकरीत होते. त्यात खोटं काय, असं मी स्वतःला समजावायचे. पगार सरकारच देत होतं ना?

का लपवत होते? त्याला एक कांदा कारण आहे. हसू नका. आमचा सगळा जिल्हा कांद्याचा. आप्पा मंत्री असताना एका वर्षी शहरांतून कांदा कडाडला आणि त्यांनी निर्यात बंद केली. शहरात भाव उतरला, आमच्या जिल्ह्यात तर कोसळला. मी तेव्हा तिथल्याच कॉलेजात. सकाळी वर्गात गेले की माझ्या बाकावर कांदा. हजेरीत माझं नाव आलं की मागून कोणीतरी डोळे झोंबल्यासारखं जोरात नाक ओढायचं, आणि सगळा वर्ग हसायचा. कधीकधी सरसुद्धा. घरी मी काही बोलले नाही, आप्पांनीही कधी विचारलं नाही. अमेरिकेत आले तेव्हा केवढं हलकं वाटलं — इथे मी कोणाचीच मुलगी नव्हते.

आणि आप्पा? पुढच्याच अधिवेशनात कोणीतरी प्रश्न विचारला, तेव्हा हा माणूस उभा राहून सरळ म्हणाला, बंदी घातली ते बरोबर होतं, उठवायला मी उशीर केला ती चूक, आणि ती चूक माझी आहे, खात्याची नाही. विरोधकांनी बाकं वाजवली. स्वतःच्या पक्षाचे लोक त्यांच्याकडे बघत राहिले. यथावकाश मंत्रिपद गेलं, मग निवडणूकही गेली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही म्हणणं खोटं होईल, पण ते वाक्य मात्र त्यांनी जपलं. कामकाजात नोंदलेलं आहे, म्हणायचे. कोणी वगळलेलं नाही.

त्यांना दुसरा अभिमान होता तो स्मरणशक्तीचा. प्रश्नोत्तराच्या तासाला म्हणे वर सज्जात खात्याचे अधिकारी बसतात, आणि कोणी उपप्रश्न टाकला की मंत्र्याला खाली चिठ्ठी पाठवतात. आप्पा चिठ्ठी उघडायचेच नाहीत. डाळ किती आली, तेल कुठून आलं, त्यावर तिजोरीतून किती गेलं — सगळं तोंडावर. निवडणूक हरून कित्येक वर्षं झाली तरी त्यातला आकडा न् आकडा त्यांच्याकडे होता, त्या त्या दिवशी कोणी काय टोमणा मारला होता त्यासकट.

ते आमच्याकडे आले दोन हजार आठच्या वसंतात. वजन जास्त होतंय म्हणून वहिनीने बांधून दिलेला गोडा मसाला त्यांनी विमानतळावर बॅगेतून काढून ठेवला, आणि लोकसभेच्या कामकाजाचे जाड खंड मात्र आणले. मी मसाल्यासाठी चिडले. चांगली दोन दिवस धुसफुसत होते! ते खंड त्यांनी पाहुण्यांच्या खोलीत खिडकीशी रचले आणि रोज सकाळी चहाबरोबर एक काढून वाचायचे, स्वतःच घेतलेल्या परीक्षेला बसल्यासारखे. आधी डोळे मिटून म्हणून बघायचे, मग पान उघडून पडताळायचे. आणि पास झाले की मला हाक मारायचे.

त्याच एप्रिलमध्ये तांदळाचं झालं. तुम्ही तेव्हा तिथे असाल तर आठवत असेल. भारताने तांदळाची निर्यात थांबवली, आणि आमच्या इंडियन ग्रोसरीत पाटी लागली — एका घराला एकच पिशवी. बायका नवऱ्याला एका रांगेत, सासूला दुसऱ्या रांगेत उभं करून, जणू एकमेकांना ओळखतच नाही अशा उभ्या होत्या. मीही आप्पांना वेगळं उभं केलं होतं, कशाला लपवू? आणि आप्पा खूश! इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते. येताना गाडीत त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. निर्यात अडवली की इथे रांग लागते आणि तिथे पिकवणाऱ्याचा भाव पडतो. नाही अडवली तर तिथला गरीब ओरडतो. मधे सरकार पैसे ओतून भाव खाली धरतं — "पण ते पैसे कुठून आणणार, नीलू? तूट वाढली की फिरून भावच वाढतात. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं." मी मान डोलावत होते आणि एक्झिट चुकले. मग ते म्हणाले, इथल्या आपल्या लोकांना हे कोणीतरी नीट सांगायला हवं.

म्हणजे मला माहीत होतं. त्यांना बोलायचं होतं, हे मला त्या दिवसापासून माहीत होतं. हे ध्यानात ठेवा.

आठवड्याभरात देशमुख काकांचा फोन आला. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे ते सर्वात ज्येष्ठ, डोळ्यांचे डॉक्टर, तेव्हा रिटायर झालेले. आमच्याच जिल्ह्यात राहणाऱ्या त्यांच्या बहिणीकडून त्यांना कळलं होतं. "अगं, तुझे वडील व्यापारमंत्री होते आणि तू आम्हाला सरकारी नोकरी सांगतेस होय गं? लबाड! ते काही नाही, पाडव्याच्या पॉटलकला त्यांचं भाषण ठेवतोय. तांदळावर. सगळे तेच बोलतायत गं!"

मी स्वयंपाकघरात उभी होते. वरून आप्पांचा आवाज येत होता, ते काहीतरी पाठ म्हणत होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? मंडळ भाड्याने घेतं तो शाळेचा हॉल, माईकपुढे आप्पा, मागून कोणीतरी ओरडतंय, काका, किती कमावले? आणि मग कांदा. कोणीतरी कांदा काढणार, हसणार, आणि सोमवारी माझ्या ऑफिसातल्या मराठी मंडळींना सगळं कळलेलं असणार. एवढंच. कोणी तसं बोललं नव्हतं. देशमुख काका तर किती प्रेमाने बोलत होते.

मी म्हणाले — अगदी हलक्या आवाजात, दुःखी मुलीच्या आवाजात — काका, आप्पांना आता आठवत नाही हो. विसरायला लागलेत.

पलीकडे काकांनी टीव्ही बंद केला. मग विचारलं, कधीपासून? आणि मी म्हणाले, वर्ष झालं. बघा, किती पटकन सुचलं! वर हेही म्हणाले की त्यांच्यासमोर हा विषय नको, त्यांना त्रास होतो. ते डॉक्टर होते, पण पोटची मुलगी सांगते म्हटल्यावर कोण शंका घेईल? "अरेरे," ते म्हणाले. "काळजी घे गं बाळ."

मला वाटलं, विषय संपला.

पाडवा उलटून गेला होता, पण मंडळाचा पाडवा हॉल मिळेल त्या शनिवारी; घरटी एक पदार्थ आणायच्या त्या पॉटलकला आम्ही गेलो. आप्पांनी झब्बा, त्यावर जाकीट घातलं होतं. दारातच एका काकूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "का-का, बरे आहात ना?" दुसऱ्या मावशींनी ताटात वाढताना सांगितलं, हे श्रीखंड हं, श्रीखंड. देशमुख काका त्यांचं कोपर धरून त्यांना बाथरूमपर्यंत घेऊन गेले आणि बाहेर उभे राहिले. पलीकडच्या टेबलावर तांदळाची चर्चा चालू होती — मोठी, तावातावाची, आणि बरीचशी चुकीची. आप्पा तिकडे वळले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि टेबलावरचे सगळे एकदम थांबून त्यांच्याकडे बघून हसले. लहान मुलाकडे बघून हसतात तसं. आप्पांनी पुन्हा ताटाकडे बघितलं. सगळे किती चांगले वागत होते! कोणी एक वाईट शब्द बोललं नाही. मी तिथेच होते, पुरीचा तुकडा हातात धरून.

समीरलाही तिथेच कोणीतरी सांगितलं. रात्री त्याने विचारलं तेव्हा मी काय करायला हवं होतं? मी म्हटलं, तुझ्या लक्षात नाही आलं का? आणि मग त्याच्या लक्षात यायला लागलं. आप्पांनी चष्मा बेसिनपाशी ठेवला. आप्पांनी गराजचं दार उघडं ठेवलं. अहो, गराजचं दार समीर स्वतः हजारदा उघडं ठेवतो! पण एकदा शब्द पडला की सगळं त्याच्यात बसतं. आप्पांनी एकट्याने फिरायला जायचं नाही असं ठरलं. समीर पहाटे उठून त्यांच्याबरोबर जायचा, बिचारा, झोपेचं खोबरं करून. त्याला मी अजून सांगितलेलं नाही की ती झोप कशासाठी गेली.

एका शनिवारी सकाळी समीर बाहेर गेला होता. आप्पा खाली आले, हातात खंड नव्हता. माझ्यासमोर बसले, चहा ढवळत राहिले. त्यांच्या चहात साखर नसायची.

"नीलू," ते म्हणाले, "मी विसरायला लागलोय का गं?"

हेच सांगायचं मी इतका वेळ टाळत होते. कांदा, काका, पॉटलक — ते सगळं यापुढे काहीच नाही. फोनवर बोलले ते घाबरून बोलले, म्हणा हवं तर. पण त्या सकाळी मला कोणी घाबरवलं नव्हतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. नाही आप्पा, मी खोटं बोलले, मला लाज वाटत होती तुमची — एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं असतं. कदाचित हसलेही असते. चूक झाली असं म्हणणाऱ्या माणसाची त्यांना किंमत होती, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

मी त्यांचा हात धरला. तो हात अजून आठवतो — कोरडा आणि गरम. त्यांच्यावर माझं प्रेम नव्हतं असं समजू नका.  आणि तसाच हात धरून मी म्हणाले, "थोडंसं होतं, आप्पा. कधीकधी. वयानुसार होतंच ना."

त्यांनी चमचा बशीत ठेवला. मग त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "बरं झालं तू सांगितलंस," ते म्हणाले. "बाकीचे तोंडावर सांगत नाहीत. मला वाटलंच होतं, लोक काहीतरी लपवतायत. मला खरं सांगणारं एक माणूस तरी घरात आहे."

त्यानंतर त्यांनी पाठ म्हणणं बंद केलं. खंड खिडकीशी तसेच होते, मीच त्यावरची धूळ पुसायचे. बोलता बोलता एखादा आकडा ओठावर यायचा, तसे थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, जाऊ दे, चुकत असेन. तो चुकलेला नसायचा. एकदा ते झोपल्यावर मी खंड उघडून पडताळून बघितलं, म्हणून सांगते. जूनमध्ये भारतात परत जायचं होतं, ते मेच्या मध्यालाच निघाले. तुम्हा दोघांना त्रास नको, म्हणाले. मीच तिकीट बदललं, आणि एअरलाइनला व्हीलचेअर सांगितली. ते न बोलता तिच्यात बसले, पाय चांगले धडधाकट असताना.

आप्पा त्यानंतर काही वर्षांनी गेले, हृदयविकाराने. डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं, भाऊ सांगतो. फक्त त्यांना ते पटायचं नाही.

पण दोन हजार आठच्याच दिवाळीतला एक फोन सांगायचा राहिला. फराळाचं बोलून झालं, माझ्या मुलीच्या शाळेचं झालं. मग आप्पा सहज म्हणाले की गावातल्या कॉलेजातले एक प्राध्यापक आले होते, कांदाबंदीच्या वेळच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या म्हणत होते, आप्पांच्या तोंडून, सविस्तर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारायला आलं होतं. दोनदा येऊन गेले.

"मी नाही म्हणून सांगितलं," आप्पा म्हणाले. "म्हटलं, माझी मुलगी अमेरिकेत असते, तिच्या लक्षात आधीच आलंय. माझ्या सांगण्यावर आता विसंबू नका."

 ते वाट बघत होते, मला कळत होतं. मी तसं काही नाही म्हणावं, की त्यांना पुन्हा बोलवा म्हणावं, की बोला म्हणावं — काहीतरी मी म्हणावं म्हणून ते थांबले होते.

मी म्हणाले, "बरं केलंत, आप्पा."