बघू म्हणालो होतो

माझा मुलगा लोकांना मासे पकडायला घेऊन जातो. तोच त्याचा धंदा. आमच्या लीड्सपासून तासाभरावर डेल्सच्या डोंगरदऱ्यांत राहतो, व्हॅनमध्ये गळ, जाळी आणि रबरी विजारी भरतो आणि लंडनहून आलेल्या शहाण्यासुरत्या माणसांना कमरेएवढ्या गार पाण्यात उभं करतो. फार्मसीची डिग्री घेतली, दोन वर्षं नोकरी केली आणि एक दिवस म्हणाला, "बाबा, मी गाइड होणार." मला वाटलं, टूरिस्ट गाइड. तेवढंही एक वेळ चाललं असतं.

मी निवृत्त भूलतज्ज्ञ. उभा जन्म लोकांना झोपवण्यात गेला. घरात मात्र कुणाला सुखाने झोपू दिलं नाही, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. गणपतीत मंडळात कुणी विचारलं, मुलगा काय करतो, की मी म्हणायचो, "एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे." लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या मेहुण्याची दोन्ही मुलं हॉस्पिटलात कन्सल्टंट. त्याच्यापुढे तर मी विषयच निघू देत नसे. लाज वाटायची मला, आता कबूल करायला काय हरकत आहे?

ही मूळची मालवणची. पकडलेला ट्राउट परत पाण्यात सोडतात हे ऐकून तिने कपाळाला हात लावला. "अरे, पकडायचा आणि सोडायचा? मग काय त्याची ख्यालीखुशाली विचारायला जातोस?" पण पहिल्याच वर्षी ती त्याच्याबरोबर जाऊन आली. दिवसभर काठावर घडीच्या खुर्चीत कुडकुडत बसली आणि घरी आल्यावर म्हणाली, "तिथे तो वेगळाच दिसतो हो. तुम्ही एकदा बघाच." मी पेपरातून मान वर केली नाही.

मग दर वर्षी फेब्रुवारी संपता संपता त्याचा फोन यायचा. "बाबा, मार्चच्या एंडला सीझन ओपन होतो. या वर्षी येशील?"

मी म्हणायचो, "बघू."

आता 'बघू' म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. बघू म्हणजे नाही. समोरच्याचं मन मोडायचं नसतं आणि आपल्याला उठायचंही नसतं, तेव्हा कामाला येणारा हा शब्द. "बघू, कळवतो" असं म्हटलं की मुलीकडची मंडळी काय ते समजतात आणि पोह्यांच्या बशा उचलतात. माझ्या वडिलांनी मला सायकलीसाठी चार वर्षं 'बघू' म्हटलं होतं. मी दुसऱ्याच वर्षी मागायचं सोडलं.

पण हा पडला लीड्सचा. 'बघणे' म्हणजे टु सी, असं आम्हीच त्याला शिकवलेलं. त्याची भाजी 'चांगला' असायची आणि नदी 'मोठा'. लिंग चुकलं रे चुकलं की मी वस्सकन अंगावर जायचो. शब्दाच्या पोटात काय असतं ते मात्र कधी समजावून सांगितलं नाही.

अशी सात वर्षं गेली. मग या जानेवारीत एका सकाळी मी किचनमध्ये चहा करत होतो आणि ही दारातूनच ओरडली, "अहो, एक सपात कुठंय?" खाली पाहिलं तर डावा पाय अनवाणी, फरशीवर. सपात हॉलमध्येच निसटून राहिली होती आणि माझ्या पायाला कळलंच नव्हतं. डायबेटिस जुना आहे. पाय बधिर होत चाललेत हे मला ठाऊक होतं. डॉक्टर असल्यामुळे ते स्वतःपासून लपवायचं कसं, तेही चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आता गेलो नाही तर जन्मात जाणं होणार नाही.

वरातीमागून घोडं. पण मी आपण होऊन फोन केला. "या वर्षी येतो मी." पायाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने नेलंच नसतं.

 तो म्हणाला, "पहिला सॅटर्डे ठेवलाय."

"ठेवलाय म्हणजे?"

"तो मी दर वर्षी ठेवतो. कुणाला देत नाही. तू बघू म्हणाला ना."

सीझनचा पहिला शनिवार! त्यासाठी लोक वर्षभर आधी नंबर लावतात. मी चिडलोच. "अरे, मग मला फोन नाही का करायचा?"

"मला वाटलं, तू सकाळी उठून वेदर बघणार आणि मग ठरवणार. आम्ही सगळे तसंच करतो ना. आधी पाणी बघतो. मी दहापर्यंत वाट बघायचो. मग एकटा जायचो."

खोटं बोलता आलं असतं. पण तोंडाला आवर घालणं मला कधी जमलंय? मी त्याला 'बघू'चा खरा अर्थ सांगितला.

"म्हणजे सात वर्षं तू नाही म्हणत होता?"

"हो."

"ओके," तो म्हणाला. "सकाळी आठला घ्यायला येतो."

शनिवारी डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी चढलं होतं, चहासारखा रंग. काठावर उभा राहून तो म्हणाला, "नदी आज चांगला नाही, बाबा." जन्मात पहिल्यांदा मी त्याला दुरुस्त केलं नाही. त्याने दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला, वाचला आणि समजावून सांगितलं की इतक्या थंडीत मासे तळाशी सुस्त पडून असतात. दुपारी ऊन आलं तर तासभर पाण्यावर किडे उडतील, मासे वर येतील, तेवढीच काय ती संधी. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी त्याने माझ्या गळाला बांधली. ती गाठ मी चष्मा वर करून पाहिली. माझा हात ऑपरेशन थिएटरमध्येही इतका स्थिर नसेल.

मग माझं कोपर धरून त्याने मला पाण्यात उतरवलं. "आता थोडं गार लागेल हं. मी इथेच आहे."

अरे, हे तर माझं वाक्य! सुई लावण्याआधी हजारो पेशंटना मी अगदी याच आवाजात हेच म्हणालो होतो. ही म्हणत होती तो 'वेगळाच' मला तेव्हा दिसला, आणि इतकं वाईट वाटलं की गळ कुठे पडतोय याकडे माझं लक्षच राहिलं नाही.

एकच्या सुमाराला ऊन आलं आणि खरंच एक लागला. वीतभर असेल, अंगावर तांबडे ठिपके. "आधी हात ओला कर," तो म्हणाला. "कोरड्या हाताने त्याला भाजतं." मी हात ओला केला, क्षणभर मासा धरला, सोडला. दोघेही हसलो. त्या हसण्यातच मी वळलो, पाय कुठल्या दगडावर पडला ते कळलंच नाही, आणि छातीपर्यंत पाण्यात गेलो. त्याने मला कमरेच्या पट्ट्याला धरून काठावर ओढलं.

पाणी काढायला म्हणून त्याने माझा बूट आणि मोजा उतरवला. मोज्याला घडी पडून टाच सोलवटून निघाली होती, मोजा रक्ताने भरला होता. मला पत्ता नव्हता.

"दुखत नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली. फार्मसी शिकलेला पोरगा. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. "कधीपासून?"

"तीनेक वर्षं झाली असतील."

 त्याने फर्स्ट एडचा डबा आणला, गुडघ्यांवर बसून पाय पुसला, पट्टी बांधली. मी त्याच्या डोक्याकडे बघत मनात हिशेब केला. सातातले चार शनिवार माझे पाय धडधाकट होते. त्या चारही सकाळी दहा वाजेपर्यंत हा तिकडे आपल्या दाराशी व्हॅन लावून थांबला होता आणि मी घरात बसून पेपर वाचत होतो. कसला मेला पेपर!

व्हॅनमध्ये बसल्यावर त्याने हीटर लावला आणि माझ्या मांडीवर टॉवेल टाकला. मला राहवेना.

"पुढच्या वर्षी नेशील ना रे? शनिवार ठेवशील?"

त्याने आधी नदीकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. किल्ली फिरवली.

"बघू, बाबा," तो म्हणाला.

इतकं बिनचूक मराठी तो आजवर बोलला नव्हता.