पाण्यापलीकडचं दाखवणारा दगड

दुसऱ्या वर्षाला भूगोलाच्या मॅडमनी एक प्रकल्प दिला होता. नकाशावरचा ठिपका म्हणजे जागा नव्हे, असं त्या म्हणाल्या. माणसं तिथे राहतात, तिला नाव देतात, तिची आठवण काढतात, तेव्हा त्या ठिपक्याला अर्थ येतो. प्रत्येकीने एक जागा निवडायची होती. मी लोणावळ्याचा चिक्कीचा बाजार निवडला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, आणि लोहगडाखालच्या आमच्या वाडीत वर्गात वाचून दाखवण्यासारखं काही असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. थोडी घरं, भाताची खाचरं, गडावर येणाऱ्यांसाठी चहा-भज्यांच्या टपऱ्या. त्यातली एक आमची.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं, "मग तुझी वाडी मी घेऊ?"

"घे की," मी म्हणाले.

ती लोणावळ्यात वाढलेली, बंगल्यातली. टपरीवर गर्दी नसते अशा दिवशी मी तिला घरी आणलं. आईने तिला चहा दिला. तिने विचारलं, "मावशी, मला तुमची वाडी दाखवाल?" आणि आई चक्क पदर खोचून उठली.

आमच्याकडे नवी सून आली की घरातली बाई तिला एकदा सगळीकडे फिरवून आणते. पाणी कुठलं प्यायचं, गवत कुठलं कापायचं, पावसात कुठल्या उतारावर पाय टाकायचा नाही, हे सगळं तिला चालता चालता सांगते. लेकींना असं कुणी फिरवत नाही. त्या तिथेच वाढतात, आणि एक दिवस जायच्याच असतात.

आई तिला अगदी तसंच फिरवायला लागली. मी मैत्रिणीची पाण्याची बाटली घेऊन मागून चालत होते. शेजारची काकू अंगणात भांडी घासत होती. ती म्हणाली, "सून आणली व्हय गं? नवरदेव कुटं दिसंना."

"नवरदेव कॉलेजात शिकतोय," आई म्हणाली. दोघी हसल्या, मैत्रीणही हसली. मला हसू आलं नाही.

वाडीच्या टोकाला एक सपाट दगड आहे. लहानपणी मी त्यावर बसून करवंदं खायची. दहावीला अभ्यासही तिथेच केला. तो दगड माझा आहे असं मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं, म्हणायची वेळच आली नव्हती. आई त्या दगडावर बसली आणि तिने मैत्रिणीला शेजारी बसवलं. मला जागा उरली नाही. मी उभी राहिले.

"ह्यो माहेरचा दगड," आई म्हणाली. "त्या पवनेच्या पाण्यापल्याड झाडी दिसती न्हवं, तितं माजं माहेर. लगीन करून आले तवा लय रडायची. मग सासूनं हितं आणून बसवलं. म्हनली, बघ, दिसतंय का न्हाई? दिसतंय मंग रडती कशाला."

मैत्रिणीचे डोळे भरून आले. तिने आईचा हात धरला. मी मात्र त्या हाताकडेच बघत राहिले. इतकी वर्षं मी त्या दगडावर बसले, आणि आईच्या रडण्याची जागा एका परकीला आधी कळली. ती वाईट वागली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती चांगलीच होती.

वर्गात तिने तो दगड सांगितला. मॅडम म्हणाल्या, "याला म्हणतात जागा." माझ्या चिक्कीबाजाराला "छान" म्हणाल्या. मधल्या सुट्टीत मैत्रिणीने डबा पुढे केला. मला भूक नाही, असं मी सांगितलं.

त्या संध्याकाळी आई टपरी आवरत होती. मी विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?"

"काय?"

"दगडाचं."

आई कढई घासत राहिली. "तू हितलीच. तुला काय दाखवायचं?"

"ती कोण लागती मंग?"

"पाहुनी. पाहुन्याला सांगतातच." मग तिने कढई पालथी घातली. "तुला सांगनार व्हते. तुजं लगीन ठरलं की. आदी सांगून काय कळलं असतं?"

मला अजून तीन-चार वर्षं तरी शिकायचं आहे, आणि ते तिला माहीत आहे.

"चल," ती म्हणाली.

आम्ही दगडावर जाऊन बसलो. पाणी करडं झालं होतं, पलीकडची झाडी जेमतेम कळत होती. आईने बोट दाखवलं, अगदी मैत्रिणीला दाखवलं होतं तसं. मी बघितलं. पण तेच शब्द मी आधी ऐकलेले होते, दुसरीच्या शेजारी उभी राहून.

"तुला काय दिसतं हितनं?" आईने विचारलं.

हे तिने मैत्रिणीला विचारलं नव्हतं. दहावीच्या वर्षी तिथे बसून मी काय काय बघायची, ते तिला सांगायला लागले.