एक्स-रे साफ आला

माझा थोरला भाऊ मंचरजवळच्या एका छोट्या रंगाच्या कारखान्यात पावडर मिसळायचं काम करतो. तिला तिथं नॅनो पावडर म्हणतात. पोतं फोडलं की ती धुरासारखी वर येते आणि बराच वेळ खाली बसत नाही. भाऊ तोंडाला ओला रुमाल बांधतो. जेवणाच्या सुट्टीत मालक प्रत्येकाला गुळाचा खडा देतो. भावाच्या आधीच्या डाळमिलमध्येही हीच रीत होती. गुळानं छातीतली धूळ उतरते, असं इकडे सगळेच मानतात.

या हिवाळ्यात भावाचा कोरडा खोकला थांबेना, म्हणून मी त्याला नारायणगावला डॉक्टरांकडे नेलं. छातीचा एक्स-रे साफ आला. डॉक्टर म्हणाले, "इतक्या बारीक कणांचा त्रास सुरुवातीला यात दिसेलच असं नाही. रुमालानं ते अडत नाहीत. आणि गूळ पोटात जातो, फुफ्फुसात नाही. योग्य मास्क मिळेपर्यंत त्या कामाला हात लावू नका."

परतताना भाऊ खुशीत होता. "फोटू साफ हाय राव. तू लई बातम्या वाचतो. उद्या जातो कामाला."

घरी वहिनीनं मला बाजूला घेतलं. "भावजी, साफ म्हंजी त्यांना काय न्हाई ना?"

डॉक्टर जे बोलले, ते मी तसंच सांगितलं. मुलांच्या कपड्यांसोबत भिजत घातलेला भावाचा कामाचा शर्ट तिनं उचलला आणि वेगळ्या बादलीत टाकला.