तिरफळाची झिणझिण

उत्तरा गेली त्याला दुसरा हिवाळा लागला आणि हेमचंद्राला बायकोचा आवाजच आठवेना. फोटो होते, साड्या होत्या. आवाज तेवढा निसटला होता. वेंगुर्ल्याची बाई ती, साधं बोलली तरी भांडल्यासारखी वाटायची, आणि आता तिचा एक शब्द कानाला सापडू नये? अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या त्या घरात हीटर घरघरला, की तो कान टवकारून बसायचा.

साल शहाऐंशी. एका दुपारी ऑफिसातल्या संजीवनं त्याला ओढतच चिनी हॉटेलात नेलं. "यार, किती दिवस सँडविच चावणार?"

लाल तेलातल्या कोंबडीचा पहिला घास गेला मात्र, हेमचंद्राचे ओठ बधिरले, जिभेवर मुंग्या चालल्या.

"तिरफळ!" तो ओरडलाच.

"हळू! चिनी मिरी आहे ती."

"अरे, आमच्याकडं बांगड्यात घालतात. त्याचाच भाऊबंद हा!"

आचाऱ्यानं हसत हसत मूठभर दाणे पुडीत बांधून दिले.

शनिवारी त्यानं खोबरं-मिरची वाटून बांगड्याचं तिखलं केलं. मागं कुणीतरी उभं आहे असं पाठीला सारखं वाटत होतं. वळून बघायचं त्यानं टाळलं. दाणे ठेचले नि तसेच टाकले. उत्तरा आतली काळी बी निवडून फेकायची, टरफल तेवढं घ्यायची, हे त्या घाईत ध्यानातच आलं नाही.

त्याची शाळकरी लेक विनीता जेवायला बसली. मराठी तिला कळायचं, पण उत्तर इंग्रजीत.

"बाबा, माय टंग इज गॉन!" पोरगी खिदळली. मग तिच्या दाताखाली काहीतरी कचकन वाजलं. हसू थांबलं. ताटातून मान वर न करता ती म्हणाली,

"अवो, बियो काढूक नाय? सगळी रेव दातात इली."

हेमचंद्राचा हात ताटातच राहिला. आवाज उत्तराचा. तोच त्रासिक हेल, शेवटाला तीच चढण.

"काय म्हणालीस?"

"व्हॉट? आय डिडन्ट से एनिथिंग."

"परत म्हण गो. एकदाच."

"बाबा, स्टॉप इट!" पोर घाबरून वर पळाली.

त्यानं तिचं ताट आपल्याकडं ओढलं. बियांसकट खात राहिला. ओठ, जीभ, गाल सगळं सुन्न झालं. कानातला आवाज निसटेल या भीतीनं त्यानं पाण्याला हातसुद्धा लावला नाही.