वरच्या खिळ्यावरचा राजा

माझी बायको थायलंडची. अमेरिकेत, श्रूजबरीत घर घेतलं तेव्हा सामान लागायच्या आधी तिने बाहेरच्या खोलीत एक खिळा ठोकला आणि तिच्या राजाचा फोटो लावला. चष्मा, गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब. त्या भिंतीवर त्याच्याहून उंच काही लावायचं नाही, हा तिचा नियम. माझ्या वडिलांची तसबीर त्यामुळे त्याच्या गुडघ्यापाशी आली.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा फोटोला कापडी मोगऱ्याचा हार होता. आईने हात जोडले आणि हलक्या आवाजात विचारलं, "व्याही का हे? कधी गेले रे?"

आपल्याकडे हार गेलेल्यांच्याच फोटोला. मी बायकोला इंग्रजीत सांगितलं, तशी ती उठून आत गेली आणि जेवायलाही आली नाही.

"जिवंत माणसाला हार घालून ठेवलाय, आणि रुसायचं आम्ही की हिने?" आई म्हणाली. मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढे मी त्या राजाविषयी वाचत गेलो. वडील वैद्यकीचं शिक्षण घेत असताना हा आमच्याच मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला होता, आमच्या घरापासून तासाभरावर. पोरवयात गादीवर बसला आणि सत्तर वर्षं उठला नाही. बायको त्याची धरणं, त्याची भातशेती, त्याचा सॅक्सोफोन यांच्या गोष्टी सांगायची. मी विचारायचो, लष्कराने इतक्यांदा सत्ता बळकावली तेव्हा हे काय करत होते? आणि राजाबद्दल वाकडं बोललं म्हणून माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात का?

"हळू बोल."

"अगं, आपण अमेरिकेत आहोत."

"माझी आई तिकडून फोनवर आहे ना!"

माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, दाराबाहेर गुडघाभर बर्फ असताना, मी त्या माणसासाठी आवाज खाली घ्यायचो.

मग बायको आजारी पडली. त्याच वर्षी तोही हॉस्पिटलात होता. रिपोर्ट हिचा यायचा आणि ही फोनवर त्याच्या तापाची बातमी शोधायची. तो गेला त्या दिवशी ती इतकी रडली की मला नर्सला फोन करावा लागला. तिने मला कपाटातून काळे कपडे काढायला लावले आणि शेवटपर्यंत काळेच घातले. स्वतःच्या मरणाबद्दल ती एकदाही रडली नाही. मला वाटतं, तिच्याकडे तेवढंच रडू उरलं होतं, आणि ते त्याने नेलं. थंडी संपायच्या आत तीही गेली. भेटायला तिची माणसं आली, सगळी काळ्या कपड्यांत. पण ते काळे कपडे राजाच्या दुखवट्यासाठी आधीपासूनच अंगावर होते. दारातच जो तो म्हणायचा, "किती वाईट वर्ष! आधी राजा, आणि आता ही."

आधी राजा.

शंभराव्या दिवशी घरी भिक्खू येऊन मंत्र म्हणतात. त्यासाठी मेव्हणी शिकागोहून आली. भिंतीकडे बघून ती थबकली. मी राजाला उतरवून त्याच्या खिळ्यावर बायकोचा फोटो लावला होता. राजा खाली, जमिनीवर, भिंतीला टेकून.

"तुम्हाला वेड लागलंय का?" ती म्हणाली. "भिक्खू येतील आता. लोक बघतील. ताईचीच लाज जाईल."

"घर तिचं आहे. आज दिवस तिचा आहे."

"बाबा, प्लीज," आमची मुलगी म्हणाली. "आईला हे चाललं असतं का? बी ऑनेस्ट."

नसतं चाललं. तिने स्वतःच उठून फोटोंची अदलाबदल केली असती. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून जास्तच राग आला. एक दिवस, फक्त एक, ती कुणाच्या पायाशी नको होती मला.

मी बायकोचा फोटो उतरवला. राजाला उचलून त्याच्या जागी नीट लावला, तिरका होता तो सरळही केला. मेव्हणीने हात जोडले. मग मी बायकोचा फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावर, मिक्सर बाजूला सारून, तो ठेवला. तिथे भिंतीवर वर कुणीच नव्हतं.

"मंत्र इथे होतील," मी म्हणालो.

"इथे? फ्रिजशेजारी?"

"एका भिंतीचाच नियम आहे ना? ही भिंत वेगळी आहे."

मेव्हणीने एकदा बाहेरच्या भिंतीकडे पाहिलं आणि ओट्यावरची भांडी आवरायला घेतली.

"बाबा, दिस इज सो पेटी, किती क्षुद्रपणा," मुलगी पुटपुटली.

"हो," मी म्हणालो. "टेबलाचं ते टोक धर."

भिक्खू आले आणि दाटीवाटीने ओट्यासमोर बसले. मंत्र सुरू झाले, पाहुण्यांनी तिच्याकडे तोंड करून हात जोडले, आणि सगळ्यांची पाठ बाहेरच्या खोलीकडे झाली.