चाळणीबाईंची सुटलेली ओळ

ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. चिपची वीज वाचवणारा ड्रायव्हर, म्हणजे चिपला कधी जागं राहायचं नि कधी झोपायचं ते सांगणारा कोड, कुणीही लिहो, तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय तो कोड पुढे सरकत नसे. वीस वर्षं हेच काम, पण कंटाळा म्हणून नाही. नवरा म्हणे, "हिच्यासमोर तांदूळ ठेवा, खडे आपण होऊन बाजूला बसतील." ती खूश होऊन हसे.

सध्या मात्र घरातच एक खडा दाताखाली येत होता. तिच्या वडिलांना कंपनीचं नवं श्रवणयंत्र चाचणीसाठी दिलं होतं. सकाळी ठणठणीत, दुपारी चारला बॅटरी गार. नात आजोबांना गोष्ट वाचून दाखवायची ती नेमकी त्यानंतर. बाबा नुसती मान डोलवत बसत. शेवटी त्यांनी यंत्र डबीत ठेवलं.

"शनिवारी परत देऊन टाक. ऐकू आलं नाही तर निदान तुझी बोलणी तरी चुकतात," ते म्हणाले. 

ऑफिसातल्या लोकांकडे तेच यंत्र दीड-दीड दिवस चालत होतं. मग घरातच काय बिघडत होतं? बुधवारी तिने घरून काम घेतलं, बाबांना यंत्र पुन्हा लावायला लावलं आणि सावलीसारखी त्यांच्यामागे फिरली. नाश्ता करून बाबा गच्चीवर झाडांना पाणी घालायला निघाले. फोन स्वयंपाकघरातच.

"बाबा, फोन नाही घेतला?"

"झाडं काय मला फोन करणार आहेत?"

ती जिन्यातच थबकली. यंत्र अधूनमधून फोन शोधतं. शोधताना चिपला जागं राहावं लागतं, म्हणून एक आकडा एकाने वाढतो. काम झालं की तो एकाने उतरवायचा. शून्य झाला की चिप झोपते. पण फोन सापडलाच नाही तर?

तिने धावत खाली येऊन कोड उघडला. फोन न सापडल्यास कोड तिथूनच माघारी फिरत होता, आकडा न उतरवता. चिप मग दिवसभर टक्क जागी. ऑफिसातल्या सगळ्यांचा फोन कायम खिशात, त्यामुळे ही वाट कुणी चाललंच नव्हतं. लिहिणारा होता टापटीप, म्हणजे ज्याच्या कोडात कधी चूक सापडत नाही तो सहकारी. आणि तपासणारी ती स्वतः. टापटीपचा कोड म्हणून तिने तो वरवर पाहून सोडला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने लगेच त्याला फोन लावला. "तुझी एक ओळ राहिलीय, आणि मी ती जाऊ दिलीय."

"बाई, तुमच्या चाळणीला भोक?"

"चाळणीला भोकंच असतात रे. या वेळी जरा मोठं पडलं."

दुरुस्ती एका ओळीची होती. तिने मात्र अख्खा कोड पहिल्यापासून वाचला, फसणाऱ्या सगळ्या वाटांसकट.

शुक्रवारी यंत्रात नवा कोड घालून बाबा गच्चीवर गेले, अर्थात फोनशिवाय. पाच वाजता नात पुस्तक घेऊन बसली. चाळणीबाई शेजारच्या खोलीत कामाचं सोंग करत होती. जीव सगळा कानात.

नात भराभर वाचत सुटली होती.

"थांब," बाबा म्हणाले. "आत्ता तर तो घरात होता. नावेत कधी बसला? पान गाळलंस तू."



"आजोबा, तुम्हाला ऐकू येतंय? मी तर रोजच गाळत होते!"

"असं? मग घे पहिल्या पानापासून," बाबा म्हणाले. "आणि आईलाही बोलाव. ती केव्हाची आत नाक ओढत बसलीय, तेही ऐकू येतंय मला."